इंजिनाच्या सुट्या भागांचे काम कमी होत असताना मोटरच्या शाफ्टसाठी नवे यंत्र घ्यावे का?

मांजलपूरकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत आमचा लहान कारखाना आहे. वडिलांनी तो साध्या लेथवर सुरू केला. आज तिथे सीएनसी लेथ, दोन सेंटरलेस ग्राइंडर (भाग टोकांना न धरता दोन चाकांमध्ये घासणारे) आणि एक जुना सिलिंड्रिकल ग्राइंडर (भाग दोन्ही टोकांना धरून घासणारा) आहे. आमचे काम जवळजवळ सर्वच वाहनांच्या इंजिनांचे: व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हचा दांडा सरळ ठेवणारी नळी), रॉकर शाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे हात ज्यावर हलतात तो दांडा) आणि इंधनाच्या नळीला लागणारी पितळी फिटिंग्ज. वाहन कंपनीला आम्ही थेट माल देत नाही. आमचा माल एका मोठ्या पुरवठादाराकडे जातो आणि तो जोडणी करून वाहन कंपनीच्या लाइनवर पोचवतो, म्हणजे या साखळीत आम्ही दुसऱ्या पायरीवर आहोत.

गेल्या काही वर्षांत पितळी फिटिंग्जचे शेड्यूल (किती नग कधी हवेत याची गिऱ्हाइकाकडून येणारी मागणी) उतरत गेले आहे, रॉकर शाफ्टचे टिकून आहे, आणि व्हॉल्व्ह गाइडचे एका महिन्यात वाढते तर दुसऱ्या महिन्यात निम्म्यावर येते. दर एप्रिलमध्ये भाव कमी करण्याची मागणी ठरलेलीच असते. अशा वेळी आमच्या गिऱ्हाइकाने विजेवरील तीनचाकीच्या मोटरचा शाफ्ट देऊ केला आहे. टर्निंग आम्हाला जमेल, परंतु बेअरिंग बसण्याच्या जागेची ड्रॉइंगवरील अचूकता आमच्या सध्याच्या ग्राइंडरवर सातत्याने मिळेल असे वाटत नाही. नवा सीएनसी ग्राइंडर आणि गोलाई मोजण्याचे उपकरण घ्यायचे तर आमच्या वर्षाच्या उलाढालीच्या मोठ्या हिश्श्याएवढे कर्ज काढावे लागेल. गिऱ्हाइकाने दिलेला तीन वर्षांच्या मागणीचा अंदाज मोठा आहे, पण तो केवळ ई-मेलमध्ये आहे. किमान इतका माल उचलूच, असे त्यांनी कोठेही लिहून दिलेले नाही.

इंजिनाचे काम खरोखर किती काळ राहील, आणि तंत्रज्ञान बदलते तेव्हा त्या बदलाचा खर्च साखळीत नेमका कोण उचलतो, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी अशा वळणावर निर्णय घेतले आहेत त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

रावपुरा

मी निवृत्त होईपर्यंत खरेदी आणि पुरवठादार-विकास या खात्यांत काम केले, त्यातील बरीच वर्षे बडोदा-हालोल पट्ट्यात. त्यामुळे तुम्हाला शेड्यूल पाठवणाऱ्यांकडे हे काम कसे चालते ते सांगतो.

नव्या वाहनाचे पुरवठादार उत्पादन सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षे आधी ठरतात. वाहन कंपनी आपल्या थेट पुरवठादाराला नेमणुकीचे पत्र देते, अपेक्षित संख्या सांगते, आणि साचे व फिक्स्चर (भाग यंत्रावर पकडण्याची साधने) यांचा खर्च कोणी करायचा तेही तेव्हाच ठरते. ही चर्चा दुसऱ्या पायरीपर्यंत क्वचितच उतरते. एखादे मॉडेल बंद व्हायचे असेल तर थेट पुरवठादाराला ते बरेच आधी कळते; तुमच्याकडे ती बातमी शेड्यूलचे आकडे घसरू लागल्यावर पोचते. म्हणून लहान कारखानदाराने सरकारी निर्णयांच्या तारखा स्वतः वाचल्या पाहिजेत, कारण आपल्याकडे वाहनांच्या तंत्रज्ञानातील मोठे बदल बहुधा कायद्याने आणि ठरलेल्या तारखेला झाले आहेत. वाहनांच्या धुराच्या नियमांत (बीएस) बीएस-५ ही पायरी वगळून थेट बीएस-६ वर जाण्याचा निर्णय जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झाला आणि १ एप्रिल २०२० पासून तो लागू झाला. त्या एका निर्णयाने दुचाकींमधील कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. कार्ब्युरेटरचा जेट म्हणजे अतिशय बारीक भोकाचे पितळी टर्निंग. ते काम करणाऱ्या प्रत्येकाला चार वर्षे मिळाली होती, मात्र शेड्यूल शेवटच्या काही महिन्यांपर्यंत भरलेले असल्यामुळे अनेकांना ती मिळाल्याची जाणीवच झाली नाही.

सगळे बदल असे सांगून येत नाहीत, हेही खरे. बीएस-३ वाहनांची विक्री १ एप्रिल २०१७ पासून बंद करण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ मार्चला आला. जुलै २०१८ मध्ये जड मालमोटारींच्या प्रत्येक आसावरील भाराची मर्यादा वाढवण्यात आली, त्यामुळे रस्त्यावर असलेल्या गाड्यांचीच क्षमता वाढली आणि पुढच्या वर्षीच्या मंदीत ते एक कारण ठरले.

हालोलचे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. जनरल मोटर्सने तेथे १९९६ मध्ये उत्पादन सुरू केले आणि एप्रिल २०१७ च्या अखेरीस ते थांबवले. त्याच जागेत एमजीने २०१९ मध्ये हेक्टर आणली, २०२० च्या जानेवारीत झेडएस ही विजेवरील गाडी बाजारात आणली, आणि पुढे कॉमेट व विंडसर या विजेवरील गाड्याही तिथेच तयार होऊ लागल्या. बाहेरून पाहणाऱ्याला कारखाना पुन्हा सुरू झाला एवढेच दिसते. परंतु गाडीचा सांगाडा नवा, ड्रॉइंग नवी, पुरवठादारांची यादी नवी. जुन्या गाडीला दहा-पंधरा वर्षे निर्दोष माल दिला म्हणून नव्या गाडीत कोणाला आपोआप जागा मिळत नाही. जी युनिट्स त्या काळात बेअरिंग, शेतीपंप किंवा रेल्वेच्या कामांतही होती, त्यांना मधली दोन वर्षे काढता आली.

आता तुमचा पहिला मुद्दा. इंजिन इतक्यात जात नाही. २०२४-२५ मध्ये देशात नोंदणी झालेल्या दुचाकींमध्ये विजेवरील गाड्यांचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता आणि मोटारींमध्ये तीन टक्क्यांच्या आत. तीनचाकींत मात्र तो निम्म्याच्या पुढे गेला होता. म्हणजे ‘वाहन उद्योग विजेकडे चालला आहे’ या एका वाक्यावर यंत्र घेता येत नाही. तुमचा भाग कोणत्या प्रकारच्या वाहनात बसतो यावर सारे अवलंबून आहे. त्याच वर्षी विकल्या गेलेल्या मोटारींपैकी सुमारे पाचवा हिस्सा सीएनजीवरचा होता, आणि गुजरातेत राहून आपल्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. सीएनजी हे कोरडे इंधन आहे. पेट्रोलमुळे व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांना जे थोडे संरक्षण मिळते ते तिथे मिळत नाही, म्हणून बैठक आणि गाइड यांचे धातू अधिक टिकाऊ घ्यावे लागतात. तुमचा व्हॉल्व्ह गाइड कोणत्या इंजिनात जातो ते आधी विचारून घ्या. पितळी फिटिंग्जची गोष्ट वेगळी आहे: पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेल्यापासून इंधनाला स्पर्श करणारा प्रत्येक धातू आणि रबर नव्याने तपासला जात आहे. तेथील घसरण तात्पुरती मानू नये.

खर्चाबद्दल म्हणाल, तर साखळीत जो सर्वांत कमी लिहून घेतो तो सर्वांत जास्त खर्च उचलतो. मागणीचा अंदाज आणि पक्की ऑर्डर यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. खरेदी अधिकारी तुम्हाला फसवत असतो असे नाही. त्याला स्वतःलाही वरून अंदाजच मिळालेला असतो. पण तो अंदाज चुकला तर त्याचे नुकसान आकड्यांत होते आणि तुमचे बँकेच्या हप्त्यात.

विश्वामित्रीकाठ

मी ग्राइंडिंग आणि बेअरिंग यांच्या गुणवत्ता-तपासणीत काम करतो, म्हणून यंत्राबद्दल लिहितो. रावपुरा काकांनी बाजाराची बाजू मांडलीच आहे.

इंजिनाच्या भागांवर तयार झालेल्या माणसाला मोटरचा शाफ्ट प्रथम सोपा वाटतो, कारण आकार साधा असतो. अडचण आकारात नसून आवाजात आहे. इंजिनाच्या गाडीत गिअर किंवा बेअरिंगची थोडी कुरकुर इंजिनाच्या आवाजात बुडून जाते. विजेच्या गाडीत ती थेट कानावर येते. शिवाय मोटरचा वेग जास्त असतो. विजेवरील मोटारींमध्ये तो मिनिटाला पंधरा हजार फेऱ्यांच्याही वर जातो. तीनचाकीत तो बराच कमी असला तरी अपेक्षा त्याच दिशेने वाढत आहेत. त्यामुळे बेअरिंगच्या जागेचा व्यास टॉलरन्समध्ये आहे एवढ्यावर भाग पास होत नाही. तिची गोलाई, पृष्ठभागावरची बारीक लाट आणि दोन्ही टोकांच्या बेअरिंग-जागांची एकमेकींशी समाक्षता (एकाच अक्षावर असणे), हे सर्व मोजले जाते.

तुमच्याकडे सेंटरलेस ग्राइंडर आहेत म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. सेंटरलेसवर काम करताना कामाच्या पट्टीची उंची आणि चाकांचे कोन नीट बसले नाहीत तर भागावर तीन किंवा पाच उंचवटे येतात. असा भाग मायक्रोमीटरने कोठेही मोजा, व्यास तोच भरतो, कारण विषम संख्येच्या उंचवट्यांत एका बाजूच्या उंचवट्यासमोर दुसऱ्या बाजूची खोलगट जागा येते. व्ही-ब्लॉकवर डायल लावली की दोष थोडाफार दिसतो, आणि गोलाई मोजणाऱ्या यंत्रावर तो पूर्ण उघडा पडतो. आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांत रॉकर शाफ्ट वर्षानुवर्षे केवळ मायक्रोमीटरवर पास झाले आहेत आणि तिथे ते चालूनही गेले आहेत. मोटरच्या शाफ्टला हे चालणार नाही.

म्हणून माझा सल्ला असा की, ग्राइंडरच्या आधी मोजमापाची सोय करा. बाहेरच्या एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आपल्या सध्याच्या सिलिंड्रिकल ग्राइंडरवरचे तीस-चाळीस नग मोजून घ्या. नमुन्याच्या मंजुरीच्या वेळी गिऱ्हाईक साधारणतः १.६७ किंवा त्याहून अधिक प्रक्रिया-क्षमता (टॉलरन्सच्या मानाने नगानगांतला फरक किती कमी आहे ते सांगणारा आकडा) मागते. तुमचा आकडा १.२ च्या आसपास येत असेल, तर नवे यंत्र घेण्याऐवजी जुन्या यंत्राचे स्पिंडल आणि मार्गदर्शक पृष्ठभाग दुरुस्त करून, चाकाच्या ड्रेसिंगची पद्धत सुधारून आणि शाफ्टच्या टोकांची सेंटर-भोके (ज्यांत धरून शाफ्ट फिरवतात ती) नीट घासून घेऊन पुष्कळ अंतर कापता येते. सेंटर-भोक वाकडे असेल तर कितीही महाग ग्राइंडर घ्या, शाफ्ट गोल येत नाही. आकडा एकच्या खाली असेल तर मात्र यंत्राचा विचार करावाच लागेल.

आणखी दोन बाबी ड्रॉइंगच्या टिपांमध्ये लपलेल्या असतात. पहिली स्वच्छतेची. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरीच्या जवळ जाणाऱ्या भागांवर धातूचा कण किती मोठा असू शकतो, हे आता मायक्रॉनमध्ये लिहिलेले असते, कारण सुटलेला एखादा कण दोन तारांच्या मध्ये बसला की शॉर्ट सर्किट होते. त्यासाठी धुण्याचे यंत्र, स्वतंत्र पॅकिंगची जागा आणि बंद पेट्या लागतात, आणि हा खर्च भावात कोणी धरत नाही. दुसरी बाब विजेच्या प्रवाहाची. कंट्रोलरमधील वेगवान स्विचिंगमुळे शाफ्टवर थोडे व्होल्टेज तयार होते आणि ते बेअरिंगमधून जमिनीकडे वाट काढते. त्यामुळे बेअरिंगच्या धावेवर पत्र्याच्या नालीसारख्या रेघा पडतात. जास्त व्होल्टेजच्या गाड्यांत यासाठी सिलिकॉन नायट्राइडच्या गोळ्यांचे बेअरिंग वापरतात किंवा शाफ्टवर अर्थिंगचे कडे बसवतात. तुमच्या ड्रॉइंगवर अशा कड्यासाठी वेगळी जागा दाखवली आहे का ते पाहा. असेल तर तिथल्या पृष्ठभागाची अट वेगळी असेल.

वाघोडिया रोड

माझे युनिट तांब्याचे बसबार (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या) आणि कनेक्टरचे तुकडे तयार करते. सुरुवातीला आम्ही फक्त ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगियरच्या (वीज जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांच्या) कारखान्यांना माल देत असू. आता बॅटरी पॅक जोडणाऱ्या दोन गिऱ्हाइकांनाही देतो. मांजलपूरकर, तुमच्या प्रश्नात तुम्ही स्वतःला ‘इंजिनाचे भाग करणारे’ म्हटले आहे, आणि मला वाटते विचार तिथेच अडकतो आहे. तुम्ही गोल भाग अचूक वळवून घासून देणारे आहात. गिऱ्हाईक त्याच कामाचे पैसे देते; तो भाग पुढे इंजिनात जातो की पंपात, हे त्याचे त्याने ठरवायचे.

आपल्या शहराचे एक बळ असे आहे की, इथे वाहनांच्या भागांइतकाच जुना विजेच्या यंत्रसामग्रीचा व्यवसाय आहे. ट्रान्सफॉर्मर, स्विचगियर, मोटर यांच्यासाठी तांबे वाकवणारे, त्यावर कथिलाचा मुलामा देणारे, पत्र्याचे स्टॅम्पिंग करणारे, वाइंडिंग करणारे हात मकरपुरा, वाघोडिया आणि सावलीच्या वसाहतींत आहेत. विजेच्या वाहनाला नेमके हेच लागते. ट्रान्सफॉर्मरचा सिलिकॉन पोलादी पत्रा एकाच दिशेने चुंबकीय गुण दाखवणारा असतो आणि मोटरला सर्व दिशांनी सारखा गुण देणारा पत्रा लागतो, त्यामुळे कच्चा माल बदलतो, परंतु डाय तयार करणारा आणि कापलेल्या कडेवर उरलेला धारदार बर ओळखणारा कारागीर तोच असतो. जो कारखाना वाहनांच्या शिस्तीचा आहे आणि ज्याला विजेच्या कामाचीही सवय आहे, त्याला येत्या काळात इथे काम कमी पडणार नाही असे माझे प्रामाणिक मत आहे. सानंदला फोर्डचा कारखाना जानेवारी २०२३ मध्ये टाटांकडे गेला, हंसलपूरला सुझुकीने ऑगस्ट २०२५ पासून विजेवरील ई-व्हिटारा तयार करण्यास सुरुवात केली, आणि द्रुतगती मार्गामुळे आपला टेम्पो सकाळी निघून दुपारच्या आत त्या पट्ट्यात पोचतो.

मात्र ट्रान्सफॉर्मरचे गिऱ्हाईक आणि वाहनाचे गिऱ्हाईक यांच्या सवयी फार वेगळ्या आहेत. पहिला वर्षाला थोडे नग मागतो आणि उशीर झाला तर रागावतो. दुसरा रोज माल मागतो आणि उशीर झाला तर लाइन थांबल्याचा दंड डेबिट नोटने कापून घेतो. तांब्याच्या भावाचा करार मी पहिल्या दिवसापासून लिहून घेतला: दर तिमाहीला धातूच्या भावातील फरक वर किंवा खाली दिला-घेतला जाईल, आणि घडाईचा दर वेगळा राहील. तुमच्या मिश्र पोलादाच्या सळयांनाही हीच पद्धत मागा. एप्रिलमधील भावकपात केवळ घडाईच्या दरावर असावी. एकूण किमतीवर मान्य केली तर धातू महागल्यावर तुम्हीच गिऱ्हाइकाला पैसे देऊ लागता.

आता पैशांच्या वसुलीविषयी, कारण नवे यंत्र बहुधा याच ठिकाणी बुडते. उद्यम ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. आपण लहान माणसे ते व्याज मागायला धजत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरात एक तरतूद लागू झाली आहे: ही मुदत चुकली तर गिऱ्हाइकाला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी वजा करता येतो. त्यामुळे मार्च महिन्यात त्यांचा हिशेब विभाग स्वतःहून फोन करू लागला आहे. शिवाय २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ट्रेड्स या बिल-वटवणीच्या व्यासपीठावर नोंदणी सक्तीची आहे. तिथे गिऱ्हाइकाने बिल मान्य केले की बँक तुम्हाला काही दिवसांत पैसे देते, आणि पुढे गिऱ्हाइकाने पैसे थकवले तरी बँक तुमच्याकडे येत नाही. शाफ्टच्या ऑर्डरवर सही करण्यापूर्वी, ‘बिले ट्रेड्सवर मान्य केली जातील’ एवढे एक वाक्य त्यात घालून घ्या. यंत्राचा हप्ता फेडण्यास त्याचा भावातील दोन रुपयांपेक्षा जास्त उपयोग होईल.

मांजलपूरकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. सेंटरलेसवरच्या तीन उंचवट्यांचा मुद्दा वाचून आज सकाळीच रॉकर शाफ्टचे काही नग व्ही-ब्लॉकवर ठेवून पाहिले आणि प्रयोगशाळेत पाठवण्यासाठी बाजूला काढले. वाघोडिया रोड ताई, ट्रेड्सबद्दल मी फक्त ऐकले होते. आमच्या गिऱ्हाइकाची उलाढाल त्या मर्यादेच्या बरीच वर आहे, त्यामुळे चौकशी करतो.

एक शंका उरली आहे. गिऱ्हाइकाच्या डिझाइन विभागातील एका अभियंत्याने बोलता बोलता सांगितले की, चुंबकांच्या तुटवड्यामुळे मोटरचे डिझाइन पुन्हा बदलू शकते. तसे झाले तर ज्या शाफ्टसाठी मी यंत्र, फिक्स्चर आणि गेज (मोजण्याची साधने) घेईन तो शाफ्टच राहणार नाही. हा धोका कितपत खरा मानावा?

कलाभवन

पूर्ण खरा मानावा. मी पुरवठा-साखळीचे नियोजन शिकवतो, आणि गेल्या काही वर्षांत हा विषय पुस्तकांतून बाहेर येऊन आपल्या शेडपर्यंत पोचला आहे.

चीनने ४ एप्रिल २०२५ रोजी सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांपासून केलेली चुंबके यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्यांत डिस्प्रोशियम आणि टर्बियम आहेत. मोटर तापल्यावरही चुंबकाची ताकद टिकावी म्हणून ती लागतात. त्यानंतर मोटर करणाऱ्या प्रत्येकाने दुसऱ्या वाटा शोधायला घेतल्या. कोणी फेराइटच्या स्वस्त पण कमी ताकदीच्या चुंबकांकडे वळू पाहतो, कोणी चुंबकच नसलेल्या रिलक्टन्स मोटरकडे. फेराइट घेतले तर तेवढीच ताकद मिळवण्यासाठी रोटर मोठा किंवा लांब करावा लागतो, आणि रोटर बदलला की शाफ्टची लांबी, व्यास, चावीचा गाळा (रोटर शाफ्टवर घट्ट बसवण्याची खाच), सारेच बदलू शकते. ज्या भागात एक ग्रॅमही चुंबक नाही त्या भागाचे ड्रॉइंग चुंबकाच्या परवान्यामुळे बदलते.

याआधी चिपच्या बाबतीत असेच घडले. २०२० च्या टाळेबंदीत वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डर रद्द केल्या, ती क्षमता संगणक आणि फोनकडे गेली, आणि मागणी परतली तेव्हा रांगेत वाहन उद्योग मागे होता. त्यातच फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील हिमवादळाने आणि मार्चमध्ये जपानमधील रेनेसासच्या नाका येथील कारखान्याच्या आगीने भर घातली. तुमच्या व्हॉल्व्ह गाइडचे शेड्यूल त्या काळात निम्म्यावर आले असेल तर त्याचे कारण तुमच्या मालात नव्हते. कुठेतरी एक चिप नसल्यामुळे पूर्ण गाडी उभी होती. टोयोटाला ही झळ इतरांपेक्षा उशिरा लागली, कारण २०११ च्या भूकंपानंतर तिने खालच्या पायऱ्यांपर्यंत कोण काय पुरवतो याचा नकाशा तयार केला होता आणि पुरवठादारांना काही महिन्यांच्या चिपचा साठा ठेवण्यास सांगितले होते. जी कंपनी साठा कमी ठेवण्याच्या पद्धतीसाठी ओळखली जाते तिनेच हे केले. सहज मिळणाऱ्या भागाचा साठा कमी आणि पर्याय नसलेल्या भागाचा जास्त, असे तिचे गणित आहे. तुम्हीही रोज मिळणाऱ्या सळयांत पैसे अडकवू नका. पण ज्या ग्राइंडिंग चाकाला किंवा इन्सर्टला आयातीवाचून पर्याय नाही, ते जास्तीचे ठेवा.

टोयोटाचेच आणखी एक उदाहरण तुमच्या यंत्राच्या निर्णयाशी थेट जोडलेले आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन या पुरवठादाराचा कारिया येथील कारखाना जळाला. ब्रेकमधील एक लहान व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ पूर्णपणे तिथूनच मिळत असे, आणि टोयोटाच्या जपानमधील लाइन थांबल्या. तो व्हॉल्व्ह करण्याची खास यंत्रे जळाली होती. तेव्हा इतर डझनावारी कारखान्यांनी, त्यांत शिवणयंत्रे तयार करणारी ब्रदरही होती, आपल्या साध्या सर्वोपयोगी यंत्रांवर फिक्स्चर बसवून तो भाग केला आणि आठवड्याभरात गाड्या पुन्हा निघू लागल्या. म्हणून यंत्र घ्यायचेच तर केवळ याच शाफ्टसाठी बांधलेले घेऊ नका. ज्यावर लांबी आणि व्यासाची मोठी श्रेणी बसते, फिक्स्चर लवकर बदलता येते, आणि जे उद्या पंपाचा किंवा गिअरबॉक्सचा शाफ्टही घासू शकेल, असे सर्वसाधारण सीएनसी ग्राइंडर घ्या. प्रतिनगाला काही सेकंद जास्त लागतील. ते भावात धरा.

रावपुरा

कलाभवन यांच्या म्हणण्याला ऑर्डरच्या भाषेत कसे उतरवायचे तेवढे सांगतो, कारण खरेदी विभागाला धोका समजावून सांगण्यापेक्षा कलम पुढे ठेवणे सोपे असते.

किमान उचल लिहून मागितली तर बहुतेक गिऱ्हाइके नकार देतील. तिथे अडून बसू नका. त्याऐवजी दोन गोष्टी मागा, त्या बहुधा मिळतात. ड्रॉइंग बदलल्यास, बदलाच्या सूचनेच्या तारखेला पक्क्या शेड्यूलनुसार तयार असलेला माल, अर्धवट माल आणि खास त्या भागासाठी आणलेला कच्चा माल यांची किंमत गिऱ्हाईक देईल, हे पहिले. किती आठवड्यांचे शेड्यूल पक्के समजायचे, हा आकडा तिथेच लिहा. चार आठवडे तयार मालासाठी आणि आठ कच्च्या मालासाठी अशी मागणी मी स्वतः अनेकदा मान्य केली आहे. दुसरे, त्या भागाची खास फिक्स्चर आणि गेज यांची रक्कम भागाच्या किमतीत न मिसळता वेगळ्या ऑर्डरने घ्या. मिसळली की ती अंदाजातल्या संख्येवर वाटली जाते, आणि संख्या आली नाही तर वसूल होत नाही. वेगळ्या ऑर्डरने घेतली तर मालकी त्यांची राहते, पैसे तुम्हाला नमुना-मंजुरीला मिळतात.

यंत्र मात्र तुमचे, त्याचे पैसे कोणी देणार नाही. म्हणूनच विश्वामित्रीकाठ यांनी सांगितलेली चाचणी आधी करा. जुन्या ग्राइंडरची दुरुस्ती पुरेशी ठरली तर पहिले वर्ष तेवढ्यावर काढता येईल, आणि तोवर शाफ्टचे ड्रॉइंग स्थिर होते की नाही तेही दिसेल. प्रयोगशाळेचा अहवाल आला की त्यातील गोलाईचे आलेख इथे द्या. नुसत्या आकड्यावरून चाकाचा दोष आहे की सेंटर-भोकांचा, ते कोणालाच सांगता येणार नाही.

मांजलपूरकर

रॉकर शाफ्टचे नग उद्या प्रयोगशाळेकडे जातील. सिलिंड्रिकल ग्राइंडरवरचे चाळीस नग याच आठवड्यात, शाफ्टच्याच पोलादात आणि शाफ्टच्याच व्यासात घासतो. सेंटर-भोके निम्म्या नगांची घासून आणि निम्म्यांची तशीच ठेवून पाठवणार आहे, म्हणजे फरक वेगळा दिसेल. गिऱ्हाइकाकडे फिक्स्चर आणि गेजच्या वेगळ्या ऑर्डरची, ड्रॉइंग-बदलाच्या कलमाची आणि ट्रेड्सची विचारणा एकाच पत्रात करतो, आणि व्हॉल्व्ह गाइड सीएनजीच्या इंजिनात जातो का तेही त्याच पत्रात विचारतो. आलेख मिळताच इथे देईन.